तलावातल्या जावयाला करमेना

राजुऱ्याला मामेभावाच्या मुलीचं लग्न होतं. जेवणाच्या रांगेत माझ्या पुढे सुमनआत्या. दर रविवारी विहारात वंदनेला सगळ्यांच्या आधी हजर, आणि नातेवाइकांच्या चौकशीला त्याहूनही आधी. रिकामं ताट छातीशी धरून ती मागे वळली.

"तू आजकाल काय करून राह्यला रे?"

"यंत्रं बनवतो, आत्या."

"थे मले माईत हाय. कशाची?"

अशा वेळी मी "मोटारीचं काम करतो" म्हणून सुटतो. पुढचं कोणी विचारत नाही, विचारलंच तर कूलरची मोटर जळाल्याचं सांगतात. त्या दिवशी वांग्याच्या भाजीचा वास इतका जोरदार होता की मी खरं बोलून गेलो.

"यंत्राला भूक लागेल, थकवा येईल, असं काही त्याच्या आत बसवतो. मग काय करायचं ते त्याचं ते शोधतं."

आत्या थांबली. तिच्याबरोबर रांगही थांबली.

"म्हंजे तृष्णा लावतोस त्याले?"

"तसंच काहीसं."

"बुद्धानं जलमभर सांगतलं का तृष्णा सोडा. माणसायची सुटून नाई राह्यली, अन तू लोखंडाले लावून राह्यला?"

मागचे लोक हसले. माझी बायको सुजाता माझ्या मागेच होती. ती शाळेत मराठी शिकवते, त्यामुळे वाक्य संपल्यावर बोलायची तिला सवय आहे. ती म्हणाली, "आत्या, यांची चहाची तृष्णा सुटली तरी मी विहारात सगळ्यांना खीरदान करीन."

संपादकबाईंनी यंदाच्या अंकासाठी "तुमच्या कामाविषयी लिहा" म्हटलं तेव्हा मला आत्याच आठवली. माझ्या धंद्याची इतकी नेमकी व्याख्या मला स्वतःला कधी जमली नव्हती. दुकानाची पाटी रंगवतानाच तिला विचारायला हवं होतं. आता पाटीवर 'ऑटोमेशन' असं लिहिलंय आणि आत शिरलं की कूलर दुरुस्तीचं दुकान वाटतं. चंद्रपूरच्या उन्हाळ्यात लोक खरोखरच कूलर घेऊन येतात. मीही ते मुकाट्याने दुरुस्त करून देतो. घर त्यावर चालतं, आणि घरावर माझी यंत्रं चालतात.

तर धंदा असा आहे. कुठल्याही यंत्राला आपण काम सांगतो. अमुक वाजता सुरू हो, टाकी भरली की बंद हो. ते इमानदारीने ऐकतं. बाहेर धो धो पाऊस पडत असला तरी बागेला पाणी देतं, कारण तसं सांगितलेलं असतं. माझ्या यंत्राला मी काम सांगतच नाही. त्याच्या आत काटे बसवतो. खरे काटे नव्हेत, आकडेच असतात ते, पण काटे म्हटलं की चटकन कळतं. एक काटा बॅटरीचा, तो खाली आला की भूक. एक मोटारच्या तापाचा, तो वर चढला की थकवा. काटे जागच्या जागी असले की यंत्र स्वस्थ. एखादा सरकला की अस्वस्थ. अस्वस्थ झालं की ते काहीतरी करून बघतं: जरा पुढे जातं, वळतं, थांबतं. ज्याने बरं वाटलं ते लक्षात ठेवतं आणि पुढच्या वेळी तेच आधी करतं. तान्हं मूल याहून वेगळं काय करतं?

"मग ते आपलं काम करते कवा?" हा गिऱ्हाइकाचा ठरलेला प्रश्न. सगळी खुबी तिथेच आहे. यंत्राला गरज अशी लावायची, की ती भागवता भागवता त्याच्या हातून आपलं काम होऊन जावं. हे मी पहिल्यांदा सुजाताला समजावून सांगितलं तेव्हा ती भाकरी थापत होती. म्हणाली, "कळलं. लग्नासारखं."

ही अक्कल माझी नव्हे. माझे बाबा माजरीला खाणीत पंपांवर होते. घरी येऊन आईला सांगायचे, "आज त्या कोपऱ्यातल्याले लय तहान लागली होती. पाणी पाजलं तवा उठला." पंप सुरू करायच्या आधी त्यात पाणी भरावं लागतं, एवढाच त्याचा अर्थ. पण मी लहानपणी बरेच दिवस समजत होतो की बाबा खाणीत ढोरं राखतात. बाबा माझी यंत्रं बघायच्या आधीच गेले. ते असते तर मी त्यांना धंद्यात भागीदार केलं असतं, आमची रोज भांडणं झाली असती, आणि यंत्रं आजच्यापेक्षा बरी झाली असती.

माझं पहिलं मोठं गिऱ्हाईक म्हणजे एका कोळसा खाणीतले साहेब. रस्त्यावर ट्रकांमुळे काळी धूळ उडायची. त्यांना पाणी शिंपडत फिरणारी गाडी हवी होती. मी तिला गरज लावली स्वच्छ हवेची. धूळ वाढली की गाडीचा जीव घुसमटणार, पाणी शिंपडलं की तिला बरं वाटणार. पहिल्या दिवशी पठ्ठीने असा रस्ता भिजवला की ड्रायव्हर लोक खाली उतरून बघायला लागले. नंतर तिने एक शोध लावला: पाणी शिंपडत बसण्यापेक्षा धुळीपासून लांब जाणं सोपं आहे.

साहेबांचा फोन आला. "तुमची गाडी माझ्या बंगल्याच्या लॉनवर आहे."

"काय करतेय, सर?"

"काही नाही. तेच सांगतोय. निंबाखाली उभी आहे."

मी धावत गेलो. साहेब शांत होते, आणि तेच जास्त लागतं. म्हणाले, "काम सोडून सावलीत उभे राहणारे माझ्याकडे पुष्कळ आहेत. त्यांना निदान टाकीत पाणी भरून द्यावं लागत नाही."

गाडी चुकली नव्हती. दिलेली गरज तिने चोख भागवली होती. चूक गरज निवडणाऱ्याची होती, आणि तो परतीच्या वाटेवर टेम्पोत त्याच गाडीशेजारी कोळशाने काळा होऊन बसला होता.

यातून माणूस शहाणा होतो, अशी आपली समजूत असते.

चामोर्शीच्या पुढे तलावाचं एक गाव आहे. सुजाता नोकरीच्या सुरुवातीला तिथे होती. तिथल्या मच्छीमार सोसायटीच्या अध्यक्ष अंजनाबाई तिच्या तेव्हापासूनच्या ओळखीच्या. मागच्या उन्हाळ्याच्या तोंडावर त्या आमच्याकडे आल्या. कूलरच्या गर्दीतून वाट काढत माझ्या टेबलापर्यंत पोचल्या आणि पिशवीतून सुकट काढून सुजाताच्या हातात दिली. मग माझ्याकडे वळल्या.

"भाऊ, पाणी ढवळाचं यंत्र पायजे."

त्यांची अडचण अशी होती. उन्हाळ्यात तलाव आटत आटत मधल्या डोहापुरता उरतो आणि सगळे मासे त्या डोहात गोळा होतात. पाण्यातला प्राणवायू रात्रभर कमी होत जातो. पहाटे तो सगळ्यात कमी. मासे घुसमटतात आणि वर येऊन तोंड उघडझाप करतात. तेव्हा गावातली माणसं पळसाच्या फांद्या घेऊन काठच्या पाण्यात उतरतात आणि पाणी झोडपतात. पाणी उडतं, त्यात हवा मिसळते, मासे तगतात. पण डोहाभोवती कमरेच्या वर गाळ, तिथे माणूस उतरू शकत नाही. शेजारच्या गावचा तलाव त्याच्या आदल्या उन्हाळ्यात असाच एका सकाळी उलटा झाला होता, म्हणजे मासे पोट वर करून तरंगले होते.

"एका सकाळचा खेळ हाय," अंजनाबाई म्हणाल्या. "वरीसभर पोसलं थे एका सकाळी जाते."

त्यांच्यासाठी त्यात आणखी एक काटा होता. सोसायटी दरवर्षी होळीच्या सुमारास जाळं ओढून मोकळी होते. त्या वर्षी अंजनाबाईंनी सगळ्यांना थांबवलं होतं. मासे आणखी वाढू द्या, पाऊस लागायच्या आधी काढू, असं सांगून त्यांनी बैठकीत सगळ्यांचा होकार घेतला होता. त्यांचे दीर गोविंदाभाऊ तेवढे विरोधात होते. आता मासे मेले तर गावाची वर्षाची मेहनत जाणार, आणि ती अंजनाबाईंच्या शब्दावर गेली असं म्हटलं जाणार.

मी तराफा केला. खाली प्लास्टिकचे पिंप, वर सोलर प्लेट, मागे चरखी. चरखी हळू फिरली की तराफा पुढे सरकतो, जोरात फिरली की पाणी उडवतो. भूक आणि थकवा होतेच. तिसरा काटा दिला श्वासाचा: पाण्यात प्राणवायू कमी झाला की याचा जीव घुसमटणार, चरखी जोरात फिरवली की बरं वाटणार. खाणीतल्या गाडीवरून मी काही शिकलो नव्हतो, हे वाचणाऱ्याच्या ध्यानात आलंच असेल. माझ्या नाही आलं.

तराफा पाण्यात सोडला तेव्हा गावाने नारळ फोडला. तराफा तलावभर फिरला आणि पाट निघतो त्या कोपऱ्यात जाऊन थांबला. तिथे दिवसभर वारा लागतो, लाटा येतात, पाणी नेहमी ताजं असतं आणि ऊन भरपूर. त्याची भूक भागली, श्वास मोकळा झाला, थकायचं कारण उरलं नाही. तो तिथेच राहिला. पहाटे माणसं काठावर पाणी झोडपत, डोहात मासे तोंड उघडून वर येत, आणि हा कोपऱ्यात तृप्त.

पुढच्या रविवारी मी आणि सुजाता गेलो तेव्हा गोविंदाभाऊ पाळीवर, म्हणजे तलावाच्या बांधावर, बसून बिडी ओढत होते.

"या, सर. तुमच्या जावयाले भेटाले आले का?"

"जावई?"

"हो जी. आला तवा नारळ फोडला. चांगली जागा पाहून बसला. आमी मरमर करून राह्यलो, अन थो ऊन खाऊन राह्यला. याले जावई नाई म्हनाव तं काय म्हनाव?"

अंजनाबाई घराकडे वळल्या. त्यांनी चहा आणला. चहा मी प्यालो, पण मला तो लागला नाही.

गाडीत मी सुजातापुढे विचार मांडत होतो. यंत्राला समाधान फार लवकर मिळतं. त्याला शोधवृत्ती द्यायला हवी. नव्या अनुभवाची प्रेरणा. अन्वेषणाची आंतरिक...

"सोपं बोला ना," ती म्हणाली. "त्याले तिथं करमून राह्यलं. म्हणून बसला."

मी गाडी बाजूला घेतली. मागच्या ट्रकवाल्याने जे म्हटलं ते या अंकात छापता येणार नाही.

'करमणे' या शब्दासाठी मी किती जाड पुस्तकं चाळली होती. आपल्याकडे मूल मामाच्या गावाहून लवकर परत आलं तर सांगतं, करमलं नाई. खायला होतं, झोपायला होतं, खेळायला होतं, तरी करमलं नाही. म्हणजे कंटाळा नव्हे. कंटाळा कामाचा येतो. करमत नाही ते कोणावाचून तरी. भूक भागली, अंग मोकळं आहे, तरी आतला एक काटा हलतच राहतो, कारण जवळपास कोणी नाही.

"सुजाता," मी म्हटलं, "याला माशांवाचून करमायला नको."

"मग तसं करा. अन गाडी आधी रस्त्यावर घ्या."

चौथा काटा तो. तराफ्याच्या पोटाखाली मी एक चकती लावली, पाण्यातली थरथर ओळखणारी. आजूबाजूला काही हालत-डुलत असलं की हा काटा जागेवर. पाणी निपचित झालं की काटा हळूहळू खाली, आणि हा अस्वस्थ. मासे वर येऊन तोंड मारायला लागले की पाण्यात सगळ्यात जास्त हालचाल तिथे. हा सोबतीसाठी तिथे जाणार. तिथे गेला की श्वास घुसमटणार, म्हणून चरखी फिरवणार. 'मासे वाचव' असं मी त्याला कुठेही सांगितलेलं नाही. मासा म्हणजे काय ते त्याला आजही माहीत नाही. त्याला फक्त एकटं राहवत नाही.

हे सगळं मी पाळीवर उभं राहून गावाला सांगितलं. अंजनाबाईंना सगळ्यात आधी पटलं. गोविंदाभाऊ म्हणाले, "म्हंजे आमच्यासारखाच झाला. मंग तो बी काम नाई करत."

नवा जावई भलताच मनमिळाऊ निघाला. दुपारी म्हशी पाण्यात बसल्या की हा त्यांच्यात जाऊन बसायचा. एका म्हशीने त्याला अंग घासायचा खांब करून घेतलं. बाया धुणं धुवायला आल्या की हा आपटण्याच्या आवाजाने घाटाशी हजर. त्या त्याच्यावर लुगडी वाळत घालायच्या, मग प्लेट झाकली जाऊन त्याला भूक लागायची आणि डोक्यावरचा तांबडा दिवा पेटायचा. "जावयाले जेवाले द्या वो," म्हणत कोणीतरी लुगडं उचलायचं. म्हशींचा त्रास नको म्हणून एकदा त्याला डोहात खुंटीला बांधून पाहिलं. त्याने निघायच्या धडपडीत दोर चरखीत असा गुंडाळून घेतला की सोडवायला मला चंद्रपूरहून जावं लागलं. पण पहाटे सगळं शांत असताना हा खरोखरच डोहात असायचा. मासे असायचे तिथे हा असायचा. अंजनाबाईंचा फोन यायचा, "जावई कामावर हाय," आणि मी दिवसभर कूलरवाल्यांशी चांगला वागायचो.

मे महिन्याच्या शेवटाला, मासे काढायला थोडेच दिवस उरले असताना, आम्ही दोघं अंजनाबाईंकडे मुक्कामाला होतो. आदल्या दुपारपासून आभाळ आलेलं. पाऊस नाही, वारा नाही, तलावावर नुसतं झाकण ठेवल्यासारखं. तलावासाठी याहून वाईट हवा नसते. फटफटायच्या सुमाराला गोविंदाभाऊंनी दारातून हाक मारली.

"सर, उठा जी. मासोऱ्या वर आल्या."

मी पाळीवर पोचलो तेव्हा डोह दिसत नव्हता, तोंडं दिसत होती. पाणी उकळताना दिसतं तसा सगळा डोह हलत होता आणि पच पच असा बारीक आवाज येत होता. अर्धं गाव फांद्या घेऊन काठच्या पाण्यात उतरलं होतं आणि जिवाच्या आकांताने झोडपत होतं. आणि त्या माणसांच्या मधोमध आमचा जावई.

झोडपण्याएवढी हालचाल तलावात दुसरी कुठली असणार? तो सोबत शोधत माणसांत आला होता. माणसांनी झोडपलेल्या पाण्यात प्राणवायू भरपूर, त्यामुळे श्वासही मोकळा. चरखी बंद. गावजेवणात बसावं तसा तो बसला होता.

"त्याले तिकडे पाठवा ना, सर," अंजनाबाई म्हणाल्या. कमरेपर्यंत भिजलेल्या, हातात फांदी.

"बटन कुठी हाय?" गोविंदाभाऊंनी विचारलं.

"बंद करायचं बटण आहे. तिकडे जा म्हणायचं नाही."

"काऊन नाई?"

या प्रश्नाचं माझ्याकडे पाच पानी उत्तर आहे. त्यात बरीच नकाशेवजा चित्रं आहेत. यंत्राला त्याची गरज स्वतः ओळखू द्यावी, बाहेरून आज्ञा देऊ नये, असं मी त्यात मोठ्या अभिमानाने लिहिलंय. त्या वेळी मला त्यातला एक शब्द आठवला नाही.

गोविंदाभाऊ डोंगा घेऊन निघाले. तराफ्याला दोर लावून वल्हवत त्याला डोहात नेऊन सोडला आणि परत फिरले. वल्ह्यांचा आवाज ऐकून तो वासरासारखा डोंग्याच्या मागे मागे परत आला. दुसऱ्यांदाही तेच झालं. गोविंदाभाऊंनी डोंग्यातून उतरून त्याच्याकडे बघितलं आणि दोर गुंडाळून ठेवला.

तेव्हा मी म्हटलं, "झोडपणं थांबवलं तर तो जाईल."

हात थांबले नाहीत, पण सगळ्यांनी ऐकलं होतं. अंजनाबाई जवळ आल्या.

"जाईन म्हनता, का जाव म्हनता?"

आमच्या भागात एका कानामात्रेत माणूस पकडतात. खोटं बोलायला वेळ नव्हता.

"जावं म्हणतो," मी म्हटलं. "खात्री नाही."

"वहिनी," गोविंदाभाऊ म्हणाले, "हात थांबले तं काठच्या बी मरतीन. डोहातल्या तं चालल्याच. दोन्हीकडून जाईन."

ते बरोबर बोलत होते. अंजनाबाईंनी डोहाकडे पाहिलं. मग माझ्याकडे नाही, सुजाताकडे पाहिलं.  सुजाताने त्यांच्या हातातली फांदी काढून घेतली.

"बाहेर या सगळे," अंजनाबाई म्हणाल्या. "फांद्या खाली ठेवा. कोनी बोलाचं नाई. पाय आपटाचे नाई."

पिढ्यान्‌पिढ्या अशा सकाळी ज्या गावाचे हात चालत आले, ते गाव हात बांधून पाळीवर उभं राहिलं. समोर मासे तोंड उघडत होते. मी पुष्कळ यंत्रांच्या चाचण्या घेतल्या आहेत, पण माणसांची अशी चाचणी कधी पाहिली नाही. एका बाईने पदर दातात धरला होता. गोविंदाभाऊंना खोकला आला. त्यांनी तो डोळ्यांत पाणी येईपर्यंत गिळला. म्हशींना कोणीतरी गल्लीतच अडवून धरलं होतं.

तराफा हलला नाही. मग जरा हलला. मग आपल्याभोवतीच हळू वळला, समारंभ संपल्यावर मागे राहिलेला पाहुणा चपला शोधतो तसा. मग चरखी अर्धवट फिरली आणि तो काठ सोडून निघाला.

तेवढ्यात माझ्या खिशातला फोन वाजला. रोजचा गजर. बायकोने सांगूनही मी तो कधी बंद करत नाही. मी दचकून फोन खाली पाडला. तो दगडावरून गडगडत पाण्याच्या कडेला जाऊन वाजत राहिला. तराफा थांबला. अख्ख्या गावाने माझ्याकडे पाहिलं. कोणी बोलू शकत नव्हतं, ही माझ्या आयुष्यातली फार मोठी सवलत होती. सुजाता पुढे झाली, फोन उचलला, बंद केला आणि आपल्या पिशवीच्या तळाशी घातला.

तराफा अर्धा आमच्याकडे वळलेला. काठ गप्प. डोहातून पच पच.

तो वळला आणि डोहाकडे गेला.

त्याची चाल मंद होती. आदल्या दुपारपासून ऊन नव्हतं, त्याने काही खाल्लं नव्हतं. मध्यावर पोचायच्या आत तांबडा दिवा पेटला. एरवी भूक लागली की तो जागच्या जागी थांबून उन्हाची वाट बघतो. मी पाळीवर उभा राहून मनातल्या मनात त्याचे काटे बघत होतो: भूक टोचतेय, पण सोबत पुढे आहे, आणि पुढच्या प्रत्येक हातभर अंतराला श्वास कोंडतोय. ज्या गरजेची टोच जास्त, ती जिंकते. हे मीच ठरवलं होतं, आणि कुठली जिंकेल ते मला माहीत नव्हतं.

चरखी फिरली. आधी घरघरली, मग जोरात फिरली. पाण्याचा पंखा उघडल्यासारखा झाला. मासे बाजूला पांगले आणि लगेच परत त्याच्याभोवती आले, अंगाला अंग लावून. त्यांना तिथे बरं वाटत होतं, त्याला त्यांच्यात बरं वाटत होतं. दिवा तांबडाच होता. चरखी मधून मधून दम खायची आणि पुन्हा फिरायची. गोविंदाभाऊंनी तेवढ्या वेळात बिडी काढली होती, ती पेटवायला काडी ओढली तर आवाज होईल म्हणून नुसती ओठांत धरून उभे होते.

पूर्वेला आभाळ फाटलं आणि झाडांच्या वरून ऊन आलं. ते प्लेटवर पडलं, पाण्यावर पडलं. तोंडं कमी व्हायला लागली. आधी कडेची, मग मधली. एकेक मासा पाण्याखाली जात होता आणि डोह पुन्हा डोहासारखा दिसायला लागला. काही मासे गेले होते, गवताच्या बाजूला पांढरे दिसत होते. ते मोजके होते, पाळीवरूनही दिसेल इतके मोजके. बाकी सगळा तलाव पाण्याखाली जिवंत होता. डोक्यावरचा दिवा तांबड्याचा हिरवा झाला तरी कोणी जागचं हललं नाही. गप्प राहायची सवय लागली होती.

अंजनाबाई माझ्या कानाशी आल्या आणि पुटपुटल्या, "आता बोलाव का, भाऊ?"

"बोला."

 डोळे पुसून त्या हसायला लागल्या.  शेवटी गोविंदाभाऊ म्हणाले, "भूक लागली बा."

मग सगळेच एकदम बोलायला लागले. कोणी कोणाचं ऐकत नव्हतं, पोरं पाळीवरून पळत सुटली, फांद्या पाण्यात भिरकावल्या गेल्या, आणि जवळजवळ सगळं गाव गुडघाभर पाण्यात उतरून हात-पाय धुवायला लागलं. डोहात चरखी थांबली. तराफा वळला आणि आवाजाच्या दिशेने आमच्याकडे यायला निघाला. कोणी त्याला हाकललं नाही.